बर्फाची कड आणि नीरेचें मीठ

ध्रुवाकडील समुद्र गोठूं लागला कीं बहुतेक मीठ बर्फाबाहेर पडतें. खालचें पाणी खारट, जड होऊन बुडतें. बर्फ वितळलें कीं गोडसर, हलकें पाणी वर पसरतें. म्हणून बर्फाच्या कडेशीं दोन पाण्यांची सीमा पडते.

बारामती-इंदापुरास समुद्र कोठला! पण पाणी जावें आणि मीठ मागें राहावें, हा प्रकार तेथेंहि घडला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास, नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी खेळूं लागलें. ऊस डोलूं लागला. काळ्या जमिनींत निचरा मात्र नव्हता. भूमिगत पाणी वर चढलें, उन्हानें उडालें, आणि शेतांवर पांढरा खार फुटला. समुद्रांत मीठ बुडतें. येथें तें वर आलें! १९१० सालीं हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोल चर खणून खारें पाणी काढून दिलें, तरच वरचें गोडें पाणी मीठ धुवून नेतें.