लॅमिंग्टन रोडवरचं कोटेशन

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन (१९०३-०७) यांचं नाव लाभलेला रस्ता कागदोपत्री आता डॉ. भडकमकर मार्ग आहे; पण पीसी असेंबल करायला निघालेला माणूस आजही 'लॅमिंग्टन'लाच जातो.

या गिऱ्हाइकांत अ‍ॅनिमेशन शिकणारेही असतात; त्यांचं गणित बदललं २००२मध्ये. 'ब्लेंडर' या थ्रीडी अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरचे निर्माते टोन रोझेंडाल यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला केला. सॉफ्टवेअर फुकट झालं, खर्च उरला हार्डवेअरचा.

२०११मध्ये 'ब्लेंडर'मध्ये 'सायकल्स' हा रेंडरर (दृश्याचं अंतिम चित्र तयार करणारा भाग) आला. तो ग्राफिक्स कार्डावरही चालतो, त्यामुळे प्रोसेसर, रॅमच्या जोडीला कार्डही यादीत वर सरकलं.

काउंटरवर दुकानदार एकेक भाग लिहून बेरीज मारतो. गिऱ्हाईक चकचकीत कॅबिनेट खोडायला लावतं, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मात्र चांगलाच ठेवतं आणि वाचलेल्या पैशांत रॅम वाढवून घेतं.