नानावटी ‘ते’, आहुजा ‘तो’

२०१६ मध्ये हॉस्टेलवर ‘रुस्तम’ पाहिला आणि खरं सांगतो, हिरो निर्दोष सुटल्यावर मीही टाळ्या वाजवल्या. मग मूळ केस वाचली.

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला त्याच्याच घरात गोळ्या घातल्या. थांबा, मी आत्ता काय म्हणालो? मारणारे ‘यांनी’ आणि मेलेला ‘याला’! मराठीत बातमीचा कल असा एका सर्वनामात लपतो. आपल्याला कळतही नाही.

रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ने तर काहीच लपवलं नाही. हे इंग्रजी साप्ताहिक उघडपणे नानावटींच्या बाजूने उभं राहिलं. गणवेशातला देखणा, फसवला गेलेला नवरा एकीकडे, ऐयाश श्रीमंत माणूस दुसरीकडे. आहुजा उत्तर द्यायला हयातच नव्हता.

कोर्टात मात्र वेगळं निघालं. रिव्हॉल्व्हर जहाजावरून खोटं कारण सांगून घेतलेलं. झटापटीत गोळी सुटली म्हणावं, तर नुकत्याच आंघोळ केलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हललेला नव्हता.

तरीही ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि पुढे काही वर्षांनी नानावटी कुटुंबासह कॅनडाला गेले.

माझ्या टाळ्या ज्युरीपाशीच संपल्या होत्या.