प्राचार्यांचे गहाण घर आणि फडाच्या कडेचे म्हातारे शौकीन

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या कोणत्याही गावात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड पाहायला जावे, तर पहिल्या रांगेत हमखास एक मंडळी दिसते. फेटा किंवा टोपी, हातात काठी, नजर मातीवर. हलगी वाजत असते, पोरे गलका करत असतात, पण हे म्हातारे टाळीसुद्धा लवकर वाजवत नाहीत. दोन पैलवान खडाखडी करत वेळ काढू लागले की एखादा ओरडतो, “कुस्ती करा, नाहीतर सोडवा!” पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली की ते तोंड फिरवतात. गुणांवर निकाल दिला तर उठूनच जातात. आपल्यापैकी बहुतेकांना हे चमत्कारिक वाटते, आणि मोबाइलवर त्यांची टिंगल करणाऱ्या चित्रफितीही पुष्कळ फिरतात.

आजचा धागा या म्हाताऱ्या शौकिनांविषयी आहे. त्यांच्या लहरींमागे एक जुनी विचारसरणी आहे, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकाशी तिचा थेट संबंध आहे. ते पदक एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने मिळवले होते, म्हणून गोष्ट कॉलेजातून सुरू करू.

पण त्याआधी एक फेरी अमेरिकेची. तिथे महाविद्यालयीन खेळांचे वेड अफाट आहे. तिथल्या जुन्या, परंपराप्रिय चाहत्यांची एक ठाम श्रद्धा असे : विद्यार्थी-खेळाडूने पैशाला हात लावता कामा नये. खेळावे ते कॉलेजच्या नावासाठी आणि कॉलेजच्या रंगांसाठी. ही श्रद्धा साधीसुधी नव्हती, तिला नियमांचे दात होते. कार्लाइलच्या शाळेतून पुढे आलेला जिम थॉर्प १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकला, आणि पूर्वी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता एवढ्या कारणावरून १९१३ मध्ये ती पदके काढून घेण्यात आली. तिथल्या विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा आणि छबीचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली ती थेट २०२१ मध्ये. आज तिथले वयस्कर चाहते ‘पैशाने खेळ नासला’ म्हणून हळहळत असतात.

आपल्याकडच्या जुन्या शौकिनाला हे दुःख समजणारच नाही. कुस्तीत पैसा कधीच अपवित्र नव्हता. नारळावरची कुस्ती, रेवड्यांवरची कुस्ती, मग रुपयांची, मग चांदीच्या गदेची अशी ती चढत जाणारी शिडी होती. एखादा डाव मनासारखा बसला की शौकीन स्वतःच्या खिशातून नोट काढून पैलवानाच्या हातावर ठेवी, आणि नाव पुकारले गेले की त्याची छाती फुगे. पैलवानाने पैसे घेऊ नयेत, असे त्याला कधी वाटले नाही. शौकीन म्हणवणाऱ्याने पैसे द्यायला मागे सरू नये, एवढेच तो मानत असे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो निर्णायक ठरणार आहे.

आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात प्राचीन रोमची रंगभूमी पाहिली आणि त्या धर्तीवर खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते सुरू झाले. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, म्हणजे शेवटच्या प्रेक्षकालाही पाठ टेकली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींनी पैलवान घडवले आणि खासबागेने प्रेक्षक घडवला, असे म्हटले तर चुकणार नाही. या प्रेक्षकाला डावांची नावे तोंडपाठ असत. ढाक, धोबीपछाड, कलाजंग, घिस्सा हे शब्द त्याच्यासाठी व्याकरणासारखे होते.

याच शहरात १८८० साली स्थापन झालेले राजाराम कॉलेज आहे. तिथे कराडजवळच्या गोळेश्वर गावचा एक मुलगा शिकायला आला. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः पैलवान. मुलगा मात्र अंगाने लहानखुरा. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेला, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्याला परत पाठवले. मुलगा सरळ प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि त्या लहानखुऱ्या मुलाने आपल्याहून थोराड पैलवानांना आडवे केले.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. क्रीडाशिक्षकांची चूक ही त्या काळच्या प्रत्येक शौकिनाची चूक होती. मातीच्या फडात वजनगट नसत. जाणत्या माणसांनी नजरेने जोड ठरवायची आणि सगळ्यात मोठी, सगळ्यात शेवटची कुस्ती ही धिप्पाड पैलवानांचीच. छोट्या चणीच्या पैलवानाचे कौतुक होई, पण ते दुपारच्या उन्हात, गर्दी जमण्याआधी. ऑलिंपिकमधील वजनगटांनी मात्र बारीक अंगाच्या पैलवानालाही जगज्जेता होण्याची वाट उघडून दिली होती. ही वाट आपल्याकडे प्रथम कॉलेजात दिसली, फडात दिसली नाही. शौकिनांचे ऋण सांगताना हेही सांगितले पाहिजे.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. मातीत वाढलेला पैलवान तिथे गादीवर उभा राहिला. गादीवर पाय वेगळा रोवावा लागतो, पकड वेगळी बसते, आणि पाठ टेकली नाही तरी पंच गुण मोजून निकाल देतात. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तिथे शिकवले. सर्वांत हलक्या वजनगटात त्यांचा सहावा क्रमांक आला. पहिल्याच खेपेला हे काही कमी नव्हते.

पुढची चार वर्षे तयारीची. १९५२ च्या निवडीच्या वेळी मात्र गुणांनीच घात केला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, असा खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी निरंजन दास यांना चीत केले. झरीच्या फडाकडेचा म्हातारा ‘गुणांवर निकाल नको, पाठ टेकवा’ असे का ओरडतो, याचे उत्तर या प्रसंगात आहे. गुण पंचाच्या वहीत असतात, वही कोणाच्या हातात आहे हे प्रेक्षकाला दिसत नाही. टेकलेली पाठ साऱ्या मैदानाला दिसते. निकाली कुस्तीचा हट्ट हा सामान्य माणसाचा पंचांवरचा अविश्वास आहे, आणि तो अनाठायी होता असे मला वाटत नाही.

निवड झाली, पण जायचे कशाने? सरकारकडे खेटे घालून पुरेसे पैसे मिळेनात. गावोगावी वर्गणी काढावी लागली. तेव्हा ज्या प्राचार्यांनी त्या मुलाला कॉलेजच्या आखाड्यात उतरू दिले होते, त्या खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे करून दिले.

त्या काळचे ७,००० रुपये. एका माजी विद्यार्थ्यासाठी. परतफेडीची हमी कोणाची? त्या विद्यार्थ्याच्या दंडांची, एवढीच. फडातल्या शौकिनाने खिशातून काढलेली नोट आणि प्राचार्यांचे गहाणखत यांत मला फक्त आकड्याचा फरक दिसतो. वृत्ती तीच. बॅरिस्टर झालेला, इंग्रजी विद्येत मुरलेला माणूस इथे खासबागेच्या पायरीवरच्या रसिकासारखा वागला. आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅ. बाळासाहेब खर्डेकरांचे नाव आहे. तिथे बसून अभ्यास करणाऱ्या किती जणांना ही हकीकत ठाऊक असेल, कोण जाणे.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोखालील गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज झाली आणि ती त्यांनी गमावली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, तरी त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव याच्यासमोर उभे करण्यात आले. त्या वेळी त्यांच्या बाजूने नियमावर बोट ठेवणारा एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. तीही कुस्ती गेली. २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. इशीला सुवर्ण मिळाले. कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एका जिल्ह्याच्या मातीने एकाच ऑलिंपिकमध्ये एवढी मजल मारली होती. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये लिअँडर पेसच्या रूपाने, म्हणजे ४४ वर्षांनी.

कराड स्थानकावर शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक आले होते. पंधरा मिनिटांची वाट काटायला मिरवणुकीला सात तास लागले.

आणि मग खाशाबांनी काय केले? कोल्हापुरात कुस्त्या धरल्या. त्यांतून जे पैसे मिळाले ते प्राचार्यांना देऊन घर सोडवले.

आता तारीख पाहा. ज्या जुलैमध्ये खाशाबा हेलसिंकीत लढत होते, त्याच महिन्यात त्याच शहरात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने अॅव्हरी ब्रंडेज यांची अध्यक्षपदी निवड केली. हौशी खेळाडूने कवडीही घेऊ नये, या तत्त्वाचा त्यांच्याइतका कट्टर पुरस्कर्ता दुसरा नव्हता. त्यांच्या तत्त्वाच्या फूटपट्टीने मोजले, तर बक्षिसासाठी मैदानात उतरणारा पैलवान हा धंदेवाईक ठरतो. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या फूटपट्टीने मोजले, तर ती कुस्ती म्हणजे ऋण फेडणाऱ्या मुलाची सर्वांत स्वच्छ कुस्ती होती. घरी सुबत्ता असणाऱ्याला विनामोबदला खेळणे सोपे जाते. गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाला हौशी राहायचे, तर कोणाचे तरी घर गहाण पडावे लागते.

एवढे सगळे खरे असले, तरी या शौकिनांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. त्यांचे प्रेम सशर्त होते. हमीदा बानू ही अलीगढची पैलवान १९४० आणि ५० च्या दशकांत पुरुषांशी जाहीर कुस्त्या लढत असे. कोल्हापुरात तिने एका पुरुष पैलवानाला हरवले, तेव्हा याच रसिक प्रेक्षकांनी तिची हुर्यो केली आणि दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पाठ टेकलेली दिसली की निकाल मान्य, हा त्यांचा नियम त्या दिवशी कुठे गेला होता? गादीलाही त्यांचा विरोध असाच हट्टाचा होता. १९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, दिनकर दह्यारी जिंकले. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. जुन्या मंडळींना गादीकडे ओढण्यासाठी शोधलेली ही तडजोड आहे, असे मी समजतो. तडजोड टिकली, पण म्हातारे अजून माती विभागाच्या बाजूलाच बसतात.

मराठवाड्यापुरते बोलायचे, तर आपल्याकडे कॉलेजचा रस्ताच उशिरा आला. निजामाच्या राजवटीत पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये उभे राहिले आणि परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये. तोपर्यंत खेळाडूचे पालकत्व जत्रेच्या पंच कमिटीकडे आणि तालमीच्या वस्तादाकडेच होते. शेजारच्या बीड जिल्ह्यातला राहुल आवारे मातीतूनच वर आला, लातूरच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखा वस्ताद त्याला लाभला, आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. वजनगट ५७ किलो. खाशाबांचाच.

खाशाबा १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, पदकानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. बैलगाड्या जुंपणाऱ्यांनी मात्र एक दिवसही उशीर केला नव्हता.

तुमच्या गावच्या जत्रेतील कुस्त्यांची जुनी हँडबिले कोणाच्या घरी पेटीत, वहीत जपलेली असतील, तर त्यांची छायाचित्रे या धाग्याखाली जरूर जोडा. इनामाचा आकडा आणि देणाऱ्याचे नाव वाचता येईल एवढे स्पष्ट असावे. आणि घरात फडाला जाणारे आजोबा असतील, तर त्यांनी पाहिलेली शेवटची निकाली कुस्ती कोणती, तेही विचारून लिहा.