पिबील

मेक्सिको सिटीतल्या खाण्याविषयी काहीही वाचा, ‘कोचिनीता पिबील’ भेटतंच. कोचिनीता स्पॅनिश, म्हणजे डुकराचं पिल्लू. पिबील मात्र मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या माया भाषेतला. ‘पिब’ म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, आणि पिबील म्हणजे तीत भाजलेलं. माया लोक तीत हरणाचं मांस भाजत. डुक्कर आणि आंबट नारिंग सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आलं. मांसाला शेंद्रीच्या बियांचं लालभडक वाटण आणि नारिंगाचा रस चोळायचा, केळीच्या पानांत गुंडाळून तापल्या दगडांवर ठेवायचं, वरून माती लोटायची. मग कित्येक तास हात लावायचा नाही. पानाचा वास मांसात मुरतो तो तेव्हाच.

नोव्हेंबरच्या तोंडावर, पितरांच्या ‘हनाल पिशान’ सणात, युकातानमध्ये मोठ्या तमालला, म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थाला, नुसतं ‘पिब’ म्हणतात. भट्टीचं नाव पदार्थालाच चिकटलं.

राजधानीत खायचं तर पोलांकोत ‘एल तुरिश’ आहे, जुन्या शहरात ‘कोओश हनाल’. या मायन नावाचा अर्थच ‘चला, जेवू या’. लाल कांद्याचं लोणचं हवंच, आबानेरो मिरची जपून. शहरात आता बहुतेक ठिकाणी हे मांस ओव्हनमध्ये शिजतं, तरी फलकावर पिबीलच लिहितात.