बोधिसत्त्व हरिण आणि आपली चलत्‌चित्रे

मिकी उंदराच्या चित्रसृष्टीत दोन कुत्रे आहेत. १९३० साली अवतरलेला प्लूटो चार पायांवर धावतो, भुंकतो व मालकाची आज्ञा पाळतो. १९३२ साली आलेला गूफी मात्र दोन पायांवर उभा राहतो, विजार घालतो व माणसाप्रमाणे बोलतो. एक कुत्रा कुत्राच राहिला आणि दुसरा माणूस झाला, याचा खुलासा कोणी मागत नाही. प्राण्याला बोलावयाचे असेल तर त्याने आधी माणसाचा वेष घ्यावा, असा या चित्रांचा दंडकच जणू आहे.

आपल्या परंपरेला हा दंडक ठाऊक नाही. पंचतंत्रातील करटक व दमनक राजनीतीवर घटकाघटका बोलतात, परंतु अंगावर उपरणे घेत नाहीत. (दमनकाची राजदरबारी जागा मिळविण्याची धडपड वाचताना आम्हां सरकारी नोकरांस मात्र थोडे अवघडल्यासारखे होते.) तेव्हा हे प्राणी पडद्यावर चालू लागले तर ते कोणत्या चालीने चालतील, हा प्रश्न होता.

पुण्यास प्रभात कंपनीने १९३४ च्या सुमारास 'जंबू काका' या कोल्ह्याचे चलत्‌चित्र काढविले; पण असे प्रयत्न तुरळक राहिले, आणि त्याला कारण होते. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी वापरले, तरी मिनिटास सातशेवीस चित्रे लागतात. इतके हात, इतका पगार आणि इतका धीर कोणी पुरवावा?

तो शेवटी सरकारने पुरविला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्र विभाग उभा राहिला व अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स हे डिस्नेचे चित्रकार शिकवावयास आले. हे गृहस्थ मिशनरी मातापित्यांच्या पोटी भारतातच जन्मलेले. हरणाच्या पाडसाचा 'बॅम्बी' हा १९४२ चा चित्रपट घडविणाऱ्यांत तेही होते. त्या चित्रपटासाठी स्टुडिओत जिवंत पाडसे आणून चित्रकारांनी त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला होता. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुणांत मद्रास विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे पदवीधर राममोहन हे एक होते.

या विभागाने १९५७ साली 'द बॅनियन डिअर' पुरा केला. कथा न्यग्रोधमृग जातकाची. वाराणसीच्या राजाच्या पाकशाळेसाठी दोन कळपांतून आळीपाळीने रोज एक हरिण जावयाचे, असे ठरले होते. एके दिवशी शाख नावाच्या नायकाच्या कळपातील एका गाभण हरिणीवर पाळी आली. तिने मुदत मागितली, तेव्हा नायक म्हणाला की पाळी ती पाळी, दुसऱ्यावर ढकलता येत नाही. असले उत्तर कचेरीच्या टेबलामागून किती वेळा दिले जाते, आणि ते नियमास धरूनही असते! दुसरा नायक न्यग्रोध मात्र तिच्या जागी स्वतः ठोकळ्यावर मान ठेवून पडला. राजाने त्याला अभय दिले, तरी तो उठेना. आधी हरणांना, मग इतर चतुष्पादांना, पुढे पक्ष्यांना, मत्स्यांना असे अभय मागत गेला.

हा नायक विजार घालून दाखविला असता तर काय शोभा झाली असती! येथे अजिंठ्याची शैली कामी आली. सतराव्या लेण्याच्या भिंतींवरील षड्दंत हत्ती, महाकपी, रुरु मृग हे सारे बोधिसत्त्वच. पण चित्रकाराने त्यांना पशूच ठेवले आहे. हालचालीचे शास्त्र परक्याचे आणि रेषा घरची, हा मेळ माझ्या मते अगदीच निर्दोष नव्हता; परंतु हरिण हरिणच राहिले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

राममोहन पुढे फिल्म्स डिव्हिजन सोडून १९६८ साली प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये गेले. जपानी सहकार्याने निघालेल्या १९९२ च्या रामायणपटावरही त्यांनी काम केले. २०१९ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२२ साली, फिल्म्स डिव्हिजन ही संस्थाही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.