दंतरोपणासाठी हाड : कुठून येते, कसे काम करते?

दात काढल्यावर त्या जागेचे जबड्याचे हाड झिजू लागते. वर्षभरात त्याची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते. त्यातील बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. कृत्रिम दाताला आधार देणारा टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, पक्का बसण्यासाठी पुरेसे हाड लागते. ते नसल्यास हाडाचे कलम, अर्थात 'बोन ग्राफ्ट' करावे लागते.

या कलमाचे मुख्य प्रकार चार :

स्वतःचे हाड : हनुवटी, जबड्याची मागील बाजू किंवा कमरेतून घेतात. यात जिवंत पेशी असल्याने ते सर्वांत गुणकारी मानले जाते. मात्र शरीरावर दुसरी जखम होते.

मानवी दात्याचे हाड : मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. तेथे दान मिळालेल्या हाडावर प्रक्रिया करून ते गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. दंतोपचारांतही ते वापरले जाते. २०११ च्या दुरुस्तीनंतर अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कक्षेत ऊतीही आल्या.

प्राण्यांचे हाड : बहुधा गाय-बैल वर्गातील जनावराचे, काही वेळा डुकराचे. सेंद्रिय अंश काढून उरलेला खनिज सांगाडा वापरतात. तो सावकाश विरघळत असल्याने हाडाचा आकार टिकतो.

कृत्रिम पदार्थ : हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह काच. यांत कोणत्याही सजीवाचा अंश नसतो.

स्वतःच्या हाडाव्यतिरिक्त बाकीचे पदार्थ मुख्यतः मांडवासारखे काम करतात. त्यावर रुग्णाचेच नवे हाड वेलीप्रमाणे चढते. यास साधारणतः चार ते सहा महिने लागतात. धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे कलम फसण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगणे आवश्यक आहे.

राहुरीच्या रुग्णांना जवळच लोणी येथे प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. उपचार कोठेही घ्यावेत. पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'हे हाड कशाचे आहे?' बाटलीतील पांढऱ्या दाण्यांवरून ते कळत नाही. शाकाहारी किंवा विशिष्ट धर्मश्रद्धा असलेल्या रुग्णासाठी हा प्रश्न गौण नाही. पर्याय उपलब्ध आहेत. निवड मात्र माहिती घेऊन, कलम बसण्यापूर्वीच करावयास हवी.