शपथेने बांधलेला तरुण : ‘द व्हँपायर’ आणि भयकथेतील विषण्णता

इंग्रजी भयकथेतील विषण्ण तरुणाची वंशावळ सांगताना समीक्षा बहुधा बायरनपासून सुरुवात करते. ‘मॅन्फ्रेड’ (१८१७) या नाट्यकाव्यातील, आल्प्सच्या कड्यांवर एकटा वावरणारा आणि आपल्या अपराधाचे नाव कधीही न उच्चारणारा सरदार ही या व्यक्तिरेखेची आदिमूर्ती मानली जाते. पुढील काळातील फिकट चेहऱ्याचे, अंतर्मुख, रात्रीशीच सख्य असलेले नायक तिचेच वारस ठरतात. या मांडणीत विषण्णता ही स्वभावाची, फार तर कुळाची गोष्ट होते. भयकथेच्या संहिता मात्र वेगळेच काही सांगतात. तेथील तरुण मुळात विषण्ण नसतो. त्याला काहीतरी ठाऊक झालेले असते आणि ते सांगण्याची वाट बंद झालेली असते. त्या कोंडीचे बाह्यरूप म्हणजे त्याची विषण्णता. जॉन विल्यम पॉलिडोरीच्या ‘द व्हँपायर’ (१८१९) या दीर्घकथेत हे सर्वांत उघडपणे दिसते. परंतु या कथेचे वाचन सामान्यतः लॉर्ड रुथवेन या पिशाचाभोवती फिरत राहिल्याने ऑब्री हा तरुण त्याचे भक्ष्य म्हणूनच ओळखला गेला.

कथेच्या जन्माची हकीकत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचीच आता आख्यायिका झाली आहे. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. १८१६ चा युरोपातील उन्हाळा थंडी-पावसात गेला. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दियोदातीत बायरन, शेली, मेरी गॉडविन, क्लेअर क्लेअरमाँट आणि पॉलिडोरी यांनी जर्मन भुतांच्या कथा फ्रेंच भाषांतरात वाचल्या आणि प्रत्येकाने एक भूतकथा लिहावी असे ठरले. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती, पॉलिडोरी वीस वर्षांचा. तो बायरनचा खासगी वैद्य होता. १८१५ मध्ये एडिंबरा विद्यापीठातून त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती आणि त्याच्या प्रबंधाचा विषय होता निद्राभ्रमण. त्याच वर्षी, म्हणजे १८१६ मध्येच, बायरनने त्याला नोकरीतून दूर केले. बायरनने लिहायला घेऊन सोडून दिलेल्या कथेचा धागा उचलून पॉलिडोरीने आपली कथा रचली. ती एप्रिल १८१९ मध्ये ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये छापून आली तीही बायरनच्या नावावर. पॉलिडोरीने तक्रार केली, बायरनने कर्तृत्व नाकारले. तरी युरोपभर तिचा बोलबाला झाला तो बायरनच्या नावामुळेच. ‘रुथवेन’ हे नाव कॅरोलाइन लॅमच्या ‘ग्लेनार्वन’ (१८१६) या बायरनवरील सूडकादंबरीतून घेतलेले असल्याने ‘रुथवेन म्हणजे बायरन, ऑब्री म्हणजे पॉलिडोरी’ हे समीकरण वाचकाला आयतेच मिळते. ते चुकीचे नाही, फक्त फार सोपे आहे. चरित्राची किल्ली लागली की संहितेचे दार उघडले असे समजण्याची सवय येथेही नडलेली आहे.

ऑब्री हा आई-वडिलांवेगळा, सधन आणि काव्यग्रंथांतील जग खरे मानणारा मुलगा. कथेच्या आरंभी त्याच्यात विषादाची छटाही नाही. असलीच तर अतिरेकी उत्सुकता आहे. रुथवेनबरोबर तो युरोपच्या प्रवासाला निघतो, रोममध्ये त्याच्यापासून दुरावतो आणि ग्रीसमध्ये आयान्थी या मुलीकडून रक्तपिपासू पिशाचांच्या गोष्टी ऐकतो. त्या तो हसण्यावारी नेऊ पाहतो; आयान्थीचा मृत्यू मात्र नेमका तसाच होतो. पुढे दरोडेखोरांच्या हल्ल्यात रुथवेन प्राणांतिक जखमी होतो आणि मरताना ऑब्रीकडून शपथ घेतो, की त्याचे अपराध आणि त्याचा मृत्यू यांविषयी एक वर्ष आणि एक दिवस कोणापाशी अवाक्षर काढायचे नाही. (ही मुदत लोककथांत भेटते तशी इंग्रजी कायद्यातही, इजेनंतर वर्ष आणि एक दिवस उलटून मृत्यू आला तर तो खून धरू नये हा तेथील नियम १९९६ मध्ये रद्द झाला.) पहिल्या चांदण्यात ठेवलेले प्रेत नाहीसे होते. रुथवेनच्या सामानातील म्यानात आयान्थीच्या मृत्युस्थळी सापडलेली कट्यार बरोबर बसते. ऑब्रीला आता सारे कळलेले आहे.

त्यानंतर लंडनमध्ये, जेथे रुथवेनला त्याने प्रथम पाहिले होते त्याच दिवाणखान्यात, मेलेला माणूस त्याच्या कानाशी शपथेची आठवण करून देतो. ऑब्रीची विषण्णता या क्षणी सुरू होते, आधी नव्हे. तो एकांत धरतो, रस्त्यांवर भटकतो, कपड्यांची शुद्ध हरपतो. कथेतील समाज या लक्षणांना वेड म्हणतो आणि पुढच्या काळाने त्यांनाच ‘बायरनी’ वृत्ती म्हटले. दोन्ही नावे कारण झाकतात.

ऑब्री शपथ मोडत का नाही? कथेने त्याला हा प्रश्न स्वतःला विचारायला लावले आहे आणि त्याला दोन अडसर दिसतात. एक, दिलेला शब्द. दुसरा, शब्द मोडला तरी विश्वास कोण ठेवणार? पहिला अडसर उच्चकुलीन पुरुषाच्या प्रतिष्ठेचा आहे. इंग्रज ‘जंटलमन’ची ओळखच शब्द पाळण्याने ठरते, आणि रुथवेन हे पक्के जाणून आहे. लोककथेतील पिशाच गावकुसाबाहेरच्या थडग्यातून उठे. पॉलिडोरीने त्याला सरदाराचा पोशाख घालून दिवाणखान्यात आणले, ही त्याची कामगिरी नेहमी सांगितली जाते. परंतु पोशाखापेक्षा महत्त्वाचे हे की, हे पिशाच त्या दिवाणखान्याच्या नीतिनियमांवर जगते. त्याला लपण्यासाठी थडग्याची गरज नाही, एका सद्गृहस्थाचे वचन पुरेसे आहे. बायरनच्या अपूर्ण कथेतही मरणारा डार्व्हेल मौनाची शपथ घालतो, पण त्या मौनाची किंमत कोणाला मोजावी लागते हे सांगण्यापूर्वीच ती कथा थांबते. पॉलिडोरीने किंमत दाखवली. रुथवेन दुसऱ्याच किताबाखाली ऑब्रीच्या बहिणीशी विवाह ठरवतो.

येथे कथेत एक वैद्य येतो आणि हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. ऑब्री खोलीत कोंडलेला आहे. विवाह निदान काही तास लांबवावा अशी विनवणी करणारे पत्र तो बहिणीला लिहितो. नोकर ते वैद्याच्या हाती देतात आणि वेड्याच्या बरळण्याने मुलीला त्रास नको म्हणून वैद्य ते पोचवीत नाही. त्याचा हेतू वाईट नाही. तो आपले काम करतो आहे. हे एका पदवीधर वैद्याने लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या विद्येने भ्रमाची लक्षणे ओळखायला शिकवले तीच विद्या साक्षीदाराची साक्ष रद्द करते. संतापाने ऑब्रीची रक्तवाहिनी फुटते. मरणाच्या दारातही तो मध्यरात्रीचा ठोका पडेपर्यंत गप्प राहतो, मुदत संपल्यावर पालकांना सारे शांतपणे सांगतो आणि मरतो. पालक धावतात तेव्हा उशीर झालेला असतो.

या प्रसंगामागे ‘हॅम्लेट’ उभे आहे. तेथेही पित्याच्या भुताने तरुणाला असह्य ज्ञान दिलेले आहे आणि तलवारीवर मौनाची शपथ आहे. मात्र ती शपथ हॅम्लेट इतरांना घालतो; वेडाचे सोंगही त्याने स्वतः निवडलेले असते. मौन त्याच्या हातातील शस्त्र आहे. ऑब्रीपर्यंत येता येता शस्त्र शत्रूच्या हाती गेले आणि सोंगाचे निदान झाले. मराठी वाचकाला येथे आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) आठवेल. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांनी गाजवलेल्या त्या नाटकाचे शीर्षकच विषण्णतेला मनोविकारांच्या खेळात बसवते. आगरकरांच्या बुद्धिवादाशी ते सुसंगत आहे, पण त्यामुळे भुताने सांगितलेले खरे होते ही बाब मागे पडते. नायकाच्या मनात काय आहे एवढेच विचारणारी समीक्षा अजूनही त्याच शीर्षकाखाली वावरते.

‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) याच सहवासातून आलेली. तेथे शपथ नाही. जस्टिनच्या खटल्यात व्हिक्टर गप्प राहतो तो कोणी विश्वास ठेवणार नाही, वेडा म्हणतील म्हणून. म्हणजे ऑब्रीच्या दोन अडसरांपैकी दुसरा एकटाच शिल्लक राहतो, आणि निरपराध मुलीला फाशी देण्यास तो पुरतो. व्हिक्टरचे मौन अर्थात स्वतःच्या कृत्याविषयीचे आहे. म्हणून त्याची विषण्णता ऑब्रीइतकी निर्मळ नाही, बायरनच्या नायकाला अधिक जवळची आहे.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) ही कोंडी फुटते. जोनाथन हार्कर कार्पेथियन पर्वतांतील वाड्यातून सुटून येतो, मेंदूज्वराने अंथरुणाला खिळतो आणि आपली रोजनिशी पत्नीच्या हाती देऊन तिच्यावर मौनाचा शिक्का मारतो. त्याला खचवणारी गोष्ट ड्रॅक्युला ही नसून आपण पाहिले ते खरे की भ्रम, हा संशय आहे. मीना ती रोजनिशी वाचते, टंकलिखित करते. ती व्हॅन हेल्सिंगकडे जाते आणि तो लिहून कळवतो की सारे खरे आहे. त्या पत्रानेच हार्कर सावरतो, पुन्हा तरुण होतो. पॉलिडोरीच्या कथेत वैद्याने पत्र अडवले. येथे वैद्याचेच पत्र औषध ठरते. या दोन पत्रांमधील अठ्ठ्याहत्तर वर्षांत साक्षीदारही बदलला आहे. हार्कर सरदारपुत्र नाही, नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला सॉलिसिटर आहे, आणि कागद नोंदवणे, नकला करणे, जुळवणे हा त्याचा व्यवसाय आहे. वचनाला बांधलेल्या वर्गाला पिशाच हरवू शकले; दस्तऐवज ठेवणाऱ्या वर्गापुढे ते हरले.

विसाव्या शतकात विषण्णता पिशाचाकडेच गेली. ॲन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’मध्ये (१९७६) लुई आपली व्यथा रात्रभर सांगतो आणि समोरचा तरुण ध्वनिमुद्रण यंत्र चालवतो. साक्षीदाराजवळ आता दडवण्यासारखे काही उरलेले नाही, म्हणून उदास होण्याचे कारणही नाही. आजचा वाचक मागे वळून रुथवेनमध्ये विषाद शोधतो तो याच सवयीने. पॉलिडोरीचा रुथवेन मात्र थंड आहे, उदास नाही.

पॉलिडोरी ऑगस्ट १८२१ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. जिनिव्हाच्या त्या उन्हाळ्याची त्याची रोजनिशी १९११ मध्ये त्याचा भाचा विल्यम मायकेल रोझेटी याने प्रसिद्ध केली ती नकलेवरून. मूळ वही पॉलिडोरीची बहीण शार्लट हिने तिला अनुचित वाटलेला मजकूर गाळून उतरवून घेतली होती आणि नंतर नष्ट केली होती.